बेतणीतलं एक नाव

घोटावडे फाट्यावर भाद्रपदातला पाऊस आडवा येत होता. क्षितिजाने लॅपटॉपची बॅग ओढणीखाली घेतली होती आणि स्वतः मात्र भिजत उभी होती. उरवड्याकडे जाणारी सहासीटर आली ती भरलेलीच. मागच्या बाकावर जेमतेम एक जागा, आणि त्या जागेवर कुणाची तरी ओली छत्री ऐसपैस बसलेली.

"या. छत्रीला घेतो मी मांडीवर."

बोलणारा सरकला. निळा शर्ट, खिशावर उरवड्याच्या पत्र्याच्या कारखान्याचं नाव शिवलेलं. क्षितिजा त्याच कारखान्यात निघाली होती. बॅगेवर चिकटवलेला कागद त्याने वाचला, 'बेतणी', आणि तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे… पुन्हा तिच्याकडे.

"बेतणी तुमची?"

"आमच्या कंपनीची."

"तसं नाही. लिहिलेली कुणी?"

"मी."

तो तिच्याकडे वळला.

"मग तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही नमुन्याची सीडी दिली होती ना… तो प्रोग्राम काल मी आतून वाचला."

सहासीटर खड्ड्यात आदळली. क्षितिजाने बॅग दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"आतून म्हणजे?"

"नेटवर फुकट साधन मिळतं. फाइल टाकली की आतलं सगळं लिहून समोर येतं. तुम्ही लिहिलं तसंच्या तसं." आणि मग हळूच, जणू दुसऱ्याच्या घरातलं बोलतोय अशा आवाजात, "गळा… बाही… काठ… पुढचा भाग. एक विचारू? पत्र्याला गळा कशाला लागतो हो?"

तिचे कान तापले. बेतणीचं काम एवढंच, लोखंडी पत्र्यावर सुटे भाग असे मांडून द्यायचे की कापताना कमीत कमी पत्रा वाया जावा. पण ती मांडणी क्षितिजा कॉलेजात शिकलीच नव्हती. परभणीला आई लोकांच्या चोळ्या-झंपर शिवायची. अपुऱ्या कापडावर खडूने आखता आखता म्हणायची, बाही तिरपी घातली की गळ्याला जागा होते. तीच चाल क्षितिजाने कोडमध्ये उतरवली होती, आणि कोण बघणार आहे म्हणून नावंही तीच ठेवली होती.

"आईचं आहे ते. परभणीला असते," ती एवढंच म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. पण आमच्या मनीष सरांनी मला तेच काम दिलंय. बघ म्हणाले, उघडतंय का. उघडत असेल तर विकत कशाला घ्यायचं, आपणच करू." त्याने छत्रीची मूठ उगाच फिरवली. "दसऱ्याला मशीनची पूजा असते, तेव्हा नवं काय ते सुरू करतात. त्याआधी मला उत्तर द्यायचंय. आणि मी खोटं सांगणार नाही, मला जमत नाही ते."

"मग मला का सांगताय?"

"म्हणजे… तुम्ही खरंच बंद कराल. मला उघडता येणार नाही असं."

उरवडे आलं. उतरताना त्याने छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजला. त्याचं नाव सौरभ, हे तिला कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने हाक मारली तेव्हा कळलं.

*

नेऱ्याला घरमालकीण गोजराबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर क्षितिजाची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, चार संगणक आणि जनार्दन सर. शेजारच्या खोलीत क्षितिजा भाड्याने राहायची. सरांनी ऐकलं आणि खुर्चीतच चुळबुळले.

"दोन वर्षांचं काम, क्षितिजा. हे गिऱ्हाईक गेलं तर एकटं जाणार नाही. सगळं उरवडे-पिरंगुट आपला प्रोग्राम फुकट वाटून घेईल, आणि आपण कंपनीला टाळं लावू." मग चष्म्यावरून बघत, "आणि हा मुलगा… तो त्यांचा माणूस आहे. गोड बोलून आपलं दार कुठं कच्चं आहे ते बघत असेल. लक्षात ठेव."

ते तिच्या लक्षात राहिलं, आणि लक्षात राहिलं म्हणूनच झोप उडाली.

कोड झाकणारी टूल्स बाजारात होती. ती प्रोग्राम चालू देतात, पण वाचणाऱ्याला काही उमगू देत नाहीत. तीन टूल्सच्या चाचणीप्रती मागवल्या. पण झाकलं ते खरंच झाकलं गेलं का, हे कोण सांगणार? शेवटी सरच नाइलाजाने म्हणाले, "त्यालाच दे उघडायला. शेवटी उघडायला तोच बसणार आहे."

म्हणून मग फाट्यावरचा चहा सुरू झाला. रविवारी, कौलांवरून पागोळ्या गळत असताना. ती सीडी द्यायची, तो पुढच्या वेळी निकाल द्यायचा. आणि दोघांच्या मधे ते बाकडं, आणि बाकड्यावर एक शंका बसलेली.

पहिल्या टूलने सगळी नावं पुसून 'अ', 'ब', 'क' करून टाकली होती.

"नावं गेली," सौरभ म्हणाला, "पण चाल तीच राहिली. संध्याकाळपर्यंत कळलं मला, बाही कुठली नि गळा कुठला."

"कसं?"

"तुमची लिहायची ढब ओळखता येते. आधी मोठे तुकडे बसवता, मग थांबता, मग मागे वळून बघता… काही राहिलं का. चालतानाही तसंच करता तुम्ही. आत्ता फाट्यावर उतरून दोनदा मागे बघितलंत."

"बॅग राहिली का बघत होते."

"बॅग खांद्यावर होती."

तिने चहात बघितलं. चहा गार झाला होता, गाल नव्हते.

"पहिली प्रत…" ती म्हणाली, "ती उघडी होती ती. अजून आहे तुमच्याकडे?"

त्याचा चेहरा किंचित उतरला. "पुसली. त्याच दिवशी."

विश्वास ठेवायला काही पुरावा नव्हता, फक्त त्याचा आवाज होता… आणि आवाजावर कंपनी चालत नाही, असं सर म्हणाले असते.

दुसऱ्या टूलने सगळा प्रोग्राम एका पेटीत घालून कुलूप लावलं. सौरभने त्यालाही नकारार्थी मान हलवली. "कुलूप भक्कम आहे. पण चालवायला घेतलं की पेटीला स्वतःच उघडावं लागतं, तेव्हा मी हळूच डोकावलो. शिवाय इतकं मंद, की पत्रा मांडून होईपर्यंत ऑपरेटर तंबाखू मळून, खाऊन, थुंकून येईल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा राग आला.

तिसरं टूल महाग होतं. ते नावं तर बदलायचंच, वर वाटाही पिळायचं. सरळ जाणाऱ्या वाटेला खोटे फाटे फोडायचं, पडद्यावर उमटणाऱ्या निरोपांची अक्षरंही आत चुरगाळून ठेवायचं. त्या रविवारी सौरभ उशिरा आला. डोळे सुजलेले.

"नाही उघडलं," तो म्हणाला. "आठवडाभर रोज रात्री बसलो होतो. कुठूनही आत शिरलो तरी पुन्हा अंगणातच."

तिला केवढं हलकं वाटायला हवं होतं.

"छान झालं ना," ती म्हणाली.

"झालं की." त्याने बशीतलं पाणी बोटाने पसरलं. "फक्त… आता मला तुम्हाला वाचता येत नाही. सवय झाली होती."

*

त्या आठवड्यात एकच काम उरलं होतं. प्रत्येक कारखान्याचं कापायचं यंत्र वेगळं. म्हणून बेतणीत यंत्रागणिक एक वेगळा तुकडा लिहावा लागे, आणि सोबतच्या साध्या फाइलीत नोंदवून ठेवावं लागे की इथे अमुक नावाच्या तुकड्याला हाक मारा. उरवड्याच्या यंत्राचा तुकडा क्षितिजा लिहीत होती. त्या यंत्राची सगळी माहिती सौरभनेच दिली होती. तुकड्याला नाव हवं होतं.

खाली गोजराबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. लाइट गेली तशी क्षितिजा जिन्यात येऊन बसली.

"मामी, कुशाबा मामांना तुम्ही कधी नावानं हाक नाही मारली?"

"आगं, नाव घेतलंस तू माझ्यासमोर? घे बाई, तुला काय." गोजराबाईंनी शेंग दातांत फोडली. "आमी न्हाई घेत. 'आवं' म्हनलं की येत्यात. न्हाई आलं की भांडं आपटायचं." आणि मग शेंगांच्याच ठेक्यात, अर्धं गुणगुणत –

"धन्याचं गं नाव माझ्या ओटाच्या आत,
जसं पेरलं बियानं काळ्या मातीत…"

"मग कळतं का कुणाला?"

"उगवल्याबिगर ऱ्हातंय व्हय?"

लाइट आली. क्षितिजा वर गेली. पडद्यावर तुकडा बिननावाचा उभा होता. टूल तर सगळी नावं पुसणार आहे, तिला वाटलं. 'अ' होईल नाहीतर 'ब'. कुणाला, अगदी त्यालाही, कधी दिसणार नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, खोलीत कुणी नसताना. आणि लिहिलं – सौरभ. लगेच शेजारच्या साध्या फाइलीतही तेच, हाक मारण्यासाठी. मग टूल चालवलं. मातीआड झालं ते नाव.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाचणी. यंत्राला झेंडूची माळ आधीच अडकवलेली, ऑपरेटर गेणबा टोपी काढून उभा. मनीष सर, जनार्दन सर, आणि थोडा मागे सौरभ.

"सो, सौरभ?" मनीष सर म्हणाले. "उघडतंय?"

"नाही सर. आठवडाभर प्रयत्न केला. मला नाही उघडता आलं."

जनार्दन सरांनी श्वास सोडला, तो माळेपर्यंत गेला असेल.

"ठीक आहे. मग चालवून दाखवा."

तिने भाग भरले. पडद्यावर पत्रा उमटला. एकेक तुकडा तिरपा होत, सरकत, दुसऱ्याच्या कुशीत जाऊन बसला. मनीष सर वाकून बघू लागले. "हे तिरपं… सही आहे हं."

"आता कापायला द्या," जनार्दन सर म्हणाले.

तिने कळ दाबली. यंत्र जागचं हललं नाही. पडद्यावर लाल चौकट आली. ऑपरेटरला समजावं म्हणून तिनेच कधीतरी मराठीत लिहून ठेवलेला निरोप, आणि त्यात साध्या फाइलीतून आलेलं नाव –

'सौरभ सापडत नाही. काम थांबवले आहे.'

सगळे पडद्याजवळ सरकले.

क्षितिजाला क्षणात सगळं दिसलं. टूलने तुकड्याचं नाव पुसलं, पण साध्या फाइलीला हात लावला नाही. प्रोग्राम बिचारा जुन्या नावाने हाका मारत होता, आणि ओ देणारं कुणी नव्हतं. नेऱ्याला हे दिसलंच नसतं, तिथे यंत्रच नव्हतं.

गेणबाने मान वाकडी करून वाचलं. "सौरभसायेब? हितं तर हायेत की."

"मी… इथेच आहे," मागून सौरभ म्हणाला.

"हा काय प्रकार आहे, मॅडम?" मनीष सरांच्या कपाळावर आठी. "आमच्या माणसाचं नाव तुमच्या प्रोग्राममध्ये कसं? तुमचं आपसात काही ठरलंय का?"

जनार्दन सर तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, आता हे नाव बदलून भलतंच काही लिहावं, चुकून राहिलं म्हणावं. दोन मिनिटांचं काम. पण मग सौरभने दिलेली खरी साक्ष खोटी ठरली असती. ठरवून केलं, म्हणाले असते. त्याच्या नोकरीवर आलं असतं.

"ठरलेलं काही नाही," ती म्हणाली. "त्यांना हे माहीतही नव्हतं. प्रोग्राम त्यांना उघडता आला नाही हे खरंच आहे. उघडला असता तरी हे नाव दिसलं नसतं, टूलने पुसलं होतं. मी… पुसलं जाणार म्हणूनच ठेवलं होतं."

तिने लॅपटॉप ओढला. टूलमध्ये एक जागा असते, जी नावं झाकायची नाहीत ती तिथे लिहायची. तिथे, सगळ्यांच्या देखत, एकेक अक्षर दाबत तिने ते नाव लिहिलं. टूल पुन्हा चाललं. बाकी सगळं मातीआड गेलं, एक नाव तेवढं वर राहिलं.

कळ दाबली. यंत्राने ओ दिली.

ठिणग्या उडाल्या, माळ हलली. पत्रा कापून झाला तेव्हा गेणबाने उरलेली कातरण मुठीत धरून दाखवली, एवढीच. मनीष सर त्या मुठीकडे बघत राहिले. मग आठी हळूहळू सुटली.

"घेऊ या आपण. पण मॅडम, हे एकच नाव उघडं राहणार?"

"झाकलं की चालत नाही," क्षितिजा म्हणाली. आणि खाली बघितलं.

*

फाट्यावर पाऊस नव्हता, तरी त्याने छत्री उघडली.

"तो तुकडा करतो काय नेमकं? माझ्या नावाचा?"

"सांगितलं तसं करतो. मधे बोलत नाही."

"मग नाव चुकलंय."

ती हसली, खूप दिवसांनी, पोटातून.

"ती पहिली प्रत खरंच पुसली होती मी," तो म्हणाला. "पण नावं पाठ आहेत… गळा, बाही, काठ, पुढचा भाग." तो थांबला. "परभणीला यायचं म्हटलं तर आईंना काय सांगू? कुठं वाचलं म्हणून?"

सहासीटर आली. ती चढली, आणि या वेळी एकदाच मागे बघितलं. बराच वेळ.

नेऱ्याला गोजराबाई ओट्यावर आपट्याची पानं निवडत होत्या. "झालं का गं काम?"

"झालं, मामी."

"आन् त्यो? फाट्यावरचा? नाव काय म्हनलीस त्याचं?"

दुपारी साऱ्या कारखान्यासमोर लिहिलेलं ते नाव. क्षितिजाने तोंड उघडलं… आणि ते ओठांच्या आतच राहिलं.

गोजराबाईंनी वर बघितलं. पान खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कळलं."