शेल्याच्या दशा

"दशा फार वाईट झालीय हो," दारातून आवाज आला. हातातलं काम न सोडता मी विचारलं, "कुणाची?"

"शेल्याची," तो म्हणाला. मग जरा थांबून— "सध्या तरी."

मान वर केली. गल्लीच्या टोकाला फोटो स्टुडिओ होता, तिथला हा नवा फोटोवाला. हातात कागदात गुंडाळलेला जांभळा रेशमी शेला. लग्न ठरलेली माणसं स्टुडिओत फोटो काढून घ्यायची, आणि ज्याच्याकडे स्वतःचा शेला नसे त्याच्या खांद्यावर स्टुडिओचा हा शेला पडायचा. कॅमेऱ्यासमोर नवरदेव घाबरायचे, आणि घाबरले की त्यांची बोटं शेल्याच्या टोकाशी जाऊन धागे ओढत बसायची.

आमचं घर शेल्यांवरच चालायचं. आई-वडील गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. मागच्या खोलीत ती मागावर शेले विणायची. शेला मागावरून उतरला की दोन्ही टोकांना धागे मोकळे लोंबतात, ते वळून त्यांच्या दशा करायच्या. ते काम माझं.

"बसा," मी म्हटलं आणि शेला मांडीवर घेतला. धाग्यांचे दोन पेड घ्यायचे, ओल्या बोटांनी दोन्ही एकाच बाजूला पिळायचे आणि एकमेकांवर सोडून द्यायचे. ते आपसूक उलटे फिरतात, एकमेकांना धरून बसतात. तो बघत राहिला. शेल्याकडे नव्हे.

"कॅमेरा नाही आणलात?"

"का?"

"इतकं टक लावून बघताय, म्हटलं फोटोच निघतोय की काय."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जांभळ्या रेशमाशेजारी फार शोभून दिसल्या, पण हे मी तेव्हा बोलले नाही.

काही दिवसांत शेला परत आला. "नवरदेव जरा घाबरट होता." मग पुन्हा. "ह्याच्या तर हातांना घाम." मी दशा बघितल्या. ओढून सुटतात त्या कशाही सुटतात, वेड्यावाकड्या. या एकाआड एक सुटल्या होत्या, अगदी शहाण्यासारख्या.

"हा नवरदेव फारच शिस्तीचा दिसतोय," मी म्हटलं.

"हो ना..." तो छताकडे बघत म्हणाला. "स्टुडिओतच राहतो."

आतला मागाचा खटखटाट थांबला. आत्याचे कान त्या आवाजातही सगळं टिपायचे. मी ओठांत हसू दाबलं, आणि त्या नादात पीळ उलट्या बाजूला दिला.

अशात मला स्थळ आलं. लांबच्या गावचं, माणसं चांगली, मुलगा नोकरीत. त्यांनी फोटो मागवला. आत्या मला नटवून त्याच स्टुडिओत घेऊन गेली. त्याने पडदा सरळ केला, दिवे लावले, हनुवटी किंचित वर करायला सांगितली. "हसा," म्हणाला, आणि स्वतः मात्र कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली तोंड लपवलं. मला वाटलं, हा आता काहीच बोलणार नाही, आणि मी अशीच पाकिटात बसून परक्या घरी जाईन.

तो फोटो हलला. पुन्हा काढला, तर माझे डोळे मिटलेले. त्याच्या पुढच्यात खुर्ची होती, साडी होती, डोकंच नव्हतं.

आत्या पदर खोचून स्टुडिओत शिरली. मी मागे.

"काय रे, यंत्र बिघडलंय की तुझे डोळे?"

"यंत्र ठीक आहे, आत्याबाई."

"मग?"

फोटो धुताना ओले झालेले हात तो टॉवेलला पुसत राहिला. "फोटो चांगला आला तर... ते लोक हो म्हणतील."

"म्हणू देत की! त्याचसाठी तर—" आत्या मध्येच थांबली. खुर्ची ओढून बसली. "असं होय! म्हणजे तुला ते नकोय."

"नकोय." मग त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. "मला ह्यांच्याशी लग्न करायचंय."

"तिला विचारलंस?"

"धाडस होईना."

"फोटोतलं डोकं उडवायचं झालं!" आत्या माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "काय गं? तुला काय हवंय?"

आमच्या वेळी हे कुणी मुलीला विचारत नसे. माझ्याबरोबरीच्या मुलींची लग्नं ठरली ती त्या स्वयंपाकघरात असताना, आणि त्यांना कळलं ते सगळ्यांत शेवटी. पुढे मला भरलेलं घर मिळालं, जीव लावणारा नवरा मिळाला, लुटुपुटीची भांडणं मिळाली, नातवंडं मिळाली. त्या सगळ्यासाठी मी देवापुढे हात जोडते. पण त्याच्याही आधी मला आत्याचा तो आवाज आठवतो, आणि डोळे भरून येतात.

मी आत्याकडे बघून म्हटलं, "त्या लोकांना नाही म्हणून कळव, आत्या."

"आणि ह्याला काय सांगू?"

"ह्यांना... ह्यांना तू काही सांगू नकोस. माझं मीच सांगते."

आत्या उठली. आम्हां दोघांकडे एकेकदा बघितलं, खोचलेला पदर सोडला आणि बाहेर जाताना मागे दार हळूच लोटून घेतलं.