बोलक्या भिंतीचा किल्ला

गाडी वेळेवर आली, पण ड्रायव्हर भलताच होता. ठरलेल्या ड्रायव्हरची कंबर धरली, म्हणून हा बदली आलेला. उंच, गोरटेला, आणि भुरभुरत्या पावसात छत्री स्वतःवर न धरता मावशीच्या बॅगेवर धरणारा.

"माणूस ओला आणि बॅग कोरडी! वा रे सारथी!" मावशी म्हणाली, आणि तेच त्याचं नाव पडलं.

मावशीबरोबर आलेल्या भाचीला घरात लहानपणापासून मुकीच म्हणत. आता ती कोर्टात लघुलेखिका होती. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपायचं, आपला शब्द घालायचा नाही. ती सवय घरीही तिच्यासोबत यायची.

जुने किल्ले, तटबंदीतली गावं, स्वतंत्र गाडी... सहलीची हौस मावशीची, खर्चही तिचाच, आणि अटही तिचीच. बँकेतल्या एका स्थळाला मुकीनं लटकवून ठेवलं होतं. "परत जायच्या आत हो की नाही ते सांगायचं. इतका चांगला मुलगा, त्याला किती टांगून ठेवणार?" मुलगा खरंच चांगला होता. तीच तर पंचाईत होती – नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कारण सापडलं, आणि ते पुढच्या सीटवर बसून गाडी चालवत होतं.

सारथ्याचा एक नियम होता. पाहुण्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारलं, की मग खंदकात पाणी कुठून यायचं इथपासून सगळं रंगून सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं, "आणखी काही विचारायचंय?" त्या एका वाक्यासाठी मुकी चक्क प्रश्न विचारायला शिकली.

"बुरुजाचा जिना इतका अरुंद का?"

"शत्रूला एकेकट्यानं चढावं लागावं म्हणून."

"आणि मित्रांनी?"

"मित्रांनी... हात धरून चढावं." त्यानं हात पुढे केला खरा, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. वर पोचल्यावरही हात सोडायचं दोघांच्या लक्षात राहिलं नाही.

एकदा वळणावर मागच्या ट्रकनं हॉर्नवर हॉर्न वाजवले. घोरणारी मावशी दचकून उठली. "अरे, आरशात बघत नाहीस का?"

"बघतोय ना," तो म्हणाला.

आरसा मुकीच्या चेहऱ्याकडे वळवलेला होता. तिनं पटकन खिडकीबाहेर पाहिलं, पण हसू काही लपेना.

आणि मग शेवटचा किल्ला आला. मावशीचे गुडघे बोलू लागले म्हणून ती खालीच थांबली. वर घुमटाखाली एक दालन होतं.

"ही भिंत बोलकी आहे," सारथी म्हणाला. "या कोपऱ्यात पुटपुटलं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. मध्ये उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तुम्ही इथे थांबा."

तो पलीकडे गेला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मुकीनं गार दगडाला कान लावला. आता बोलेल... आता. एक शब्द पुरे होता, त्यावर तिनं अख्ख्या घराचा राग ओढवून घेतला असता.

दगडातून नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

तिला रडू कोसळलं. मनात असतं तर इथे तरी बोलला असता ना! आरशातून काय, कुणीही बघतं. आपणच वेडे, राईचा पर्वत केला.

खाली पायऱ्यांवर मावशी फोन हातानं झाकून उभी होती. "बँकेतल्या मुलाची आई विचारतेय गं. काय सांगू?"

"हो म्हणून सांग."

सारथी मागेच उभा होता. गाडीत बसल्यावर त्यानं आरसा सरळ केला.

स्टेशनवर मावशी जागा धरायला आधी डब्यात चढली. सारथ्यानं बॅग खाली ठेवली. "आणखी... काही विचारायचंय?"

ती नाही म्हणणार होती. पण विचारून बसली, "त्या कोपऱ्यात तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"मी?" तो गोंधळला. "मी तर ऐकत होतो. वाटलं, तुम्ही बोलाल... पाहुण्यानं आधी बोलायचं असतं ना."

"मीही ऐकतच होते," मुकी म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हसावं की रडावं कळेना.

"मग आता बोला," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं... तेवढ्यात दारातून मावशीनं हाक मारली. "मुके, चल लवकर! त्याची आई पुन्हा फोनवर आहे. सगळं घर जमलंय म्हणे, तुझ्याशी बोलायचंय!"

सारथ्यानं ओठ मिटले. "जा," तो म्हणाला. "सगळे वाट बघतायत."

त्यानं बॅग आत चढवून दिली. ट्रेन हलली. मुकीनं फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी आनंदानं भरभरून बोलत होतं, आणि ती दाराशी उभी राहून ऐकत होती.