फाटकापुढची रांगोळी

“ही पूल परवापर्यंत चांगली होती!” कुशने फाटकाला लाथ मारली.

“हा पूल! आणि लाथा मारून कुलूप निघत नाही, बावळटा!” स्वराली म्हणाली.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डबाहेरच्या या वाटेवरून पूर्वी रेल्वे धावायची. रूळ कधीच उखडले. आता तिथे सायकली धावत. स्वराली, तिचा धाकटा भाऊ कुश आणि मैत्रीण ईशिता रोज इथूनच शाळेत जात. शाळेला हाफ-टर्मची सुट्टी लागली आणि इथे फाटक आलं, पाटी आली: ‘पूल धोकादायक. वाट बंद.’ वाट बंद म्हणजे सायकल बंद! मोठ्या रस्त्याने सायकल न्यायला आई कदापि हो म्हणणार नव्हती.

“इकडे बघा!” ईशिता चिखलात वाकली. जाड चाकांचे ताजे ठसे फाटकाखालून पुलावर गेले होते.

“जुने आहेत ते!” मागून आवाज आला. पलीकडच्या खडीच्या यार्डाचे मालक, मिस्टर हार्डिंग! “फाटक लागल्यापासून इथून एकही गाडी गेली नाही. उद्या अकराला कौन्सिलच्या बाई येऊन वाट कायमची बंद करतील. पळा घरी!”

धडधडीत खोटं! स्वरालीचं डोकं असं तापलं की घरापर्यंत ती पाय आपटतच गेली.

घरी मात्र नवाच गोंधळ झाला. कुशने दारातल्या दिवाळीच्या रांगोळीत पाय दिला आणि गुलाबी पावलं कार्पेटवरून थेट फ्रिजपर्यंत गेली.

“आय डिडन्ट! मी नाही केलं!”

“मग काय फ्रिज चालत आला दाराशी?” आई कडाडली.

स्वरालीने टाळीच वाजवली. “आई, उरलेली रांगोळी मला दे! सगळी!”

सकाळी आठला तिघांनी फाटकापुढच्या ओल्या रस्त्यावर भलंमोठं कमळ काढलं. लेस्टर शहरातून आणलेली गुलाबी रांगोळीची पिशवी त्यात रिकामी झाली. मग तिघं झुडपामागे दडली.

साडेनऊला हार्डिंगची खडीने भरलेली लॉरी आली. रांगोळी पाहून तो छद्मी हसला, त्याने खिशातल्या किल्लीने फाटक उघडलं आणि लॉरी मुद्दाम कमळाच्या मधोमध घातली!

“माझ्या पाकळ्या!” ईशिताचे डोळे भरले.

“जाऊ दे त्याला. जाऊच दे!” स्वराली कुजबुजली.

अकराला कौन्सिलच्या मिसेस एलिस आल्या. काय होतंय ते पाहायला आईही आली.

“एकही गाडी नाही, मॅडम,” हार्डिंग म्हणाला.

“मग हे काय?” स्वराली पुढे आली. पुलावरून दोन गुलाबी पट्टे थेट त्याच्या यार्डात, त्याच्या लॉरीच्या चाकांपर्यंत गेले होते. “भरलेली लॉरी पेलणारा पूल आमच्या तीन सायकलींनी पडतो? तुम्हाला फुकटचा शॉर्टकट हवा होता!”

हार्डिंग घाईघाईने बुटाने पट्टे पुसू लागला.

“पूल भक्कम असल्याचा आमचाच रिपोर्ट आहे. तो न वाचता, पूल धोकादायक आहे या यांच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला आणि यांना फाटकही लावू दिलं,” मिसेस एलिस ओशाळून म्हणाल्या. “फाटक आजच निघेल. शाबास, मुलांनो! पण मोठ्यांशी जरा नम्रपणे बोलावं, नाही का?”

स्वरालीने मान खाली घातली नाही.

“ती नम्रपणे घरी बसली असती, तर वाट गेली असती,” आई म्हणाली आणि मुलांकडे वळली. “सोमवारी सायकलनेच जायचं. इथूनच!”