गिरणीपाशी पडलेला

बोस्नियातल्या ओरलोवाच गावात दर जुलैमध्ये, दुपारी तीनला, सांस्कृतिक भवनात तोच दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचा सिनेमा लागतो. पंचावन्न वर्षं झाली, तरी खुर्चीसाठी मारामार. साराएवोहून गाड्या भरभरून लोक येतात आणि नटांच्या आधी संवाद म्हणतात. गावकऱ्यांचा तोरा तर विचारूच नका, कारण सिनेमात मरणारी माणसं त्यांच्या घरची! चित्रीकरण गावातच झालं; कुणी जर्मन होऊन मेला, कुणी पार्टिझन होऊन, म्हणजे आपल्या बाजूने. ऐन उन्हाळ्यात बर्फ कुठला मिळणार? चुन्याची भुकटी पसरली होती.

एक गोष्ट मात्र गाव पाहुण्यांना सांगत नाही. त्या मेलेल्यांपैकी कुणी खरोखर वारला, की त्यानंतर पडद्यावर येताच त्याचं प्रेत बर्फातून उठतं, अंग झटकतं आणि पूल ओलांडून निघून जातं. त्यानंतर ती जागा कायमची रिकामी. पाहुण्यांना ते दिसत नाही. गाव तेवढं उठून उभं राहतं. रडत कुणी नाही. एवढं थोर काही डोळ्यांसमोर घडताना रडायचं सुचतच नाही.

झुमराचा भाऊ नेझिर त्र्याण्णवच्या खऱ्या लढाईत बेपत्ता झाला. बेपत्तांच्या कचेरीतली बाई तीनदा येऊन गेली. "मावशी, थोडं रक्त द्या. सापडलेल्या हाडांशी जुळवून बघू."

"जिवंत माणसाची हाडं कशी जुळवणार गं तुम्ही?" झुमराने तिला कॉफी पाजून वाटेला लावलं. पडद्यावर गिरणीपाशी, लाल मफलर गळ्यात घालून, नेझिर पालथा पडलेला असे. तो उठला नव्हता. म्हणजे कुठेतरी होता. ऐंशी उलटली तरी ती त्याच्या नावाची कॉफी रोज ओतून ठेवायची.

यंदा नेझिरचा जुना मित्र अवदिया तिच्या शेजारी बसला. महिनाभर खोकला होता, चेहरा उतरला होता. दिवे मालवले तसा तो वाकला.

"झुमरे, गिरणीपाशी नेझिर नाही. तो मी आहे."

"काहीतरी बरळू नकोस दादा. आईने विणलेला मफलर आहे त्याच्या गळ्यात."

"चित्रीकरणाच्या दिवशी जर्मन कोटात उकडून मला घेरी आली होती. त्याने आपले कपडे दिले मला, मफलरसकट. आणि माझा कोट घालून तो पुलापाशी मेला."

"मग इतकी वर्षं दातखीळ बसली होती?"

"तुमच्या वडिलांना जर्मनांनी मारलेलं. आपण तो कोट घातला हे आईला कळलं तर ती अन्न टाकील, म्हणून शपथ घातली त्याने. पुढे माझीच जीभ रेटेना गं."

पुलाचा प्रसंग आला. जर्मन धडाधड पडले. झुमराने आजवर त्यांच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. जर्मनांकडे कोण बघतंय! आज तिने एकेक प्रेत निरखलं. कठड्याखाली एक शिरस्त्राण पडलं होतं, आणि त्याच्याजवळ बर्फात माणसाएवढा खळगा.

"कधी उठला?" तिने विचारलं.

"खरी लढाई संपल्यावर पहिल्यांदा सिनेमा लागला, तेव्हा. मी उभा राहिलो होतो."

तिला आठवलं. सगळं सभागृह बसलेलं, हा एकटाच उभा. आणि तिनेच त्याची बाही ओढली होती: "बस की रे खाली! आम्हाला काही दिसत नाही!"

भाऊ समोरून चालत गेला होता आणि ती मान वाकडी करून गिरणी शोधत होती.

"उद्या रक्त देऊन येते," ती म्हणाली. अवदियाची मान छातीवर झुकली होती.

पडद्यावर गिरणी आली.

लाल मफलरवाला हलला. हातांवर भार देऊन उठला, गुडघे झटकले आणि पुलाकडे चालू लागला.

सगळं गाव उठलं. खुर्च्या करकरल्या. मागून कुणीतरी झुमराच्या खांद्यावर हात ठेवला. नेझिरसाठी.

झुमराही उभी राहिली. अवदिया तेवढा बसून होता.

"उठ की रे दादा," ती कुजबुजली आणि तिने त्याची बाही ओढली.

तिच्या बोटांना पांढरा चुना लागला.