जयरामच्या शेततळ्याचा दोर

सांगतो, पण परत मागे लागायचं नाही. तुमच्या आजीनंच तुम्हाला पाठवलंय, कळतं मला. रुद्र, उद्या मित्रांबरोबर शेततळ्यात पोहायला निघालायस ना? मग ऐक. हर्षाली, तो टीव्ही बंद कर आधी.

हे माझं नाही, हिरामणचं आहे. दिंडोरीजवळ जयरामच्या द्राक्षबागेत तो मोटरीवर होता आणि मी राखणीला. खोटं रचायची अक्कल हिरामणला नव्हती.

जयरामनं दोन हजार सहा साली शेततळं केलं. आतून काळा कागद, म्हणजे ते जाड प्लास्टिक. शेवाळ धरलं की असं निसरडं होतं, आत पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही. मी काठावर खांब रोवला. त्याला दोर बांधून पाण्यात सोडला, हातहातभर अंतरानं सात गाठी मारून. जयरामनं आठ दिवसांत तो काढला आणि ट्रॉलीला बांधला. का? तर म्हणे, "आबा, दोर घासून कागदाला भोक पडलं म्हणजे? पोरांना सांगा, तिकडं जायचं नाय."

पोरांना सांगा! बागेतच खोपटं घालून राहिलेले मजूर, दिवसभर आईबाप छाटणीला आणि पोरं बांधावर.

त्याच छाटणीत तानुबाईची रोशनी गेली. सुरगाण्याकडची माणसं. पोर सहा वर्षांची. पाण्यात गेलेली चप्पल काढायला वाकली. कागदावर नखांचे ओरखडे होते, पार काठाच्या वीतभर खालपर्यंत.

कागदाला भोक मात्र पडलं नव्हतं.

जयराम चार माणसांत म्हणाला, "राखण म्हाताऱ्याची होती. दोर त्यानंच काढला." माझं काम गेलं.

पुढचं वर्ष. कोजागिरीनंतरची तिसरी रात्र. तेव्हा शेतीची लाईट रात्री दीडला यायची. हिरामण मोटर चालू करायला गेला. लाईट यायची होती. बसला बिडी ओढत.

खर्र...

थांबलं.

खर्र... खर्र...

कागदावर नखं. चढायची, घसरायची. हिरामणला वाटलं, खोपटातलं कुणाचं पोर पडलं. धावला. बॅटरी मारली. पाणी हलत नव्हतं. आवाज खांबाखालून येत होता.

दोर नव्हता. त्यानं खांद्यावरचं उपरणं खाली सोडलं. टोक पाण्याला पुरेना. दोन हात कमी.

तरी ते ताणलं गेलं.

ओढ लागली. पोराच्या वजनाची. हिरामण ओढत राहिला. वर... अजून वर...

हलकं झालं.

नुसतं उपरणं.

तो खोपटाकडे पळाला. तानुबाई जागीच होती. त्या वर्षीही आली होती, जाते कुठं?

"तानुबाई, पोरं सगळी हायत का?"

तिनं अंधारात एकेकाच्या डोक्यावर हात फिरवला.

"हायत दादा. माझी सोडून."



उजाडताच हिरामण मला घ्यायला आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खांबाला दोर होता. माझाच. आदल्या संध्याकाळी हिरामणनं तो जयरामच्या बंद फाटकाआड ट्रॉलीला बांधलेला पाहिला होता. फाटकाला कुलूप तसंच होतं.

जयरामनं त्याच आठवड्यात तारेचं कुंपण घातलं. दोराला हात लावला नाही. आजही आहे. रुद्र, जिथं जाशील तिथं आधी दोर बघ. नसला तर मागं फिर.

मी त्या दिवशी तो वर ओढून पाहिला. सात गाठी माझ्या. त्यांच्या खाली आठवी. बारीक, वाकडी, परकराच्या नाडीला लहान पोरी मारतात तशी.

ती कुणी मारली, मला विचारू नका. दोर कुणी काढला, तेवढं मला माहीत आहे. अजून एकदाही दारात येऊन "आबा, चुकलो" म्हणाला नाही तो... जयराम.