ओठ त्याचे, आवाज अण्णांचा

योगिता अंगणात ज्वारी पाखडत होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तिचे अण्णा बोलले.

“लसूण घ्या लसूण... घरात असला तरी घ्या, पाहुणा काय सांगून येतो व्हय?”

तिच्या हातातलं सूप निसटलं. अण्णांना जाऊन तीन महिने झाले होते. धारूरच्या पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मांडवात माईकवर पाहुण्यांची नावं पुकारायला हरिबाअण्णाच लागत. तो आवाज गेला आणि घरात आईही बोलायची थांबली.

ती दाराबाहेर धावली. समोर ॲपे रिक्षा, पुढच्या चाकाशी एक उंच तरुण. त्याचे ओठ हलत होते... आणि त्यातून तिचे वडील बोलत होते.

“बंद करा,” ती कशीबशी म्हणाली.

त्यानं घाबरून कळ दाबली. तेव्हा कुठं तिला दिसलं, भोंगा रिक्षाच्या पार मागच्या टोकाला होता. तरुण नुसता सवयीनं सोबत पुटपुटत होता. पण हलणारे ओठ दिसले आणि तिच्या कानांनी आवाज उचलून तिथं नेऊन ठेवला.

त्याचं नाव अंगद, राहणार सिरसाळ्याचा. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात गळ घालून त्यानं अण्णांकडून ही आरोळी मोबाईलवर भरून घेतली होती. ते गेल्याचं कळल्यावर त्यानं भोंग्याची वायरच काढून टाकली.

पुढच्या मंगळवारी भोंगा मुका होता. अंगद स्वतःच ओरडत होता. शेजारच्या बायनाबाईनं विचारलं, लसूण इकतोस का म्हशी हाकतोस बाबा? योगिताला तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी तिनंच त्याला थांबवलं. “आईला ऐकवायचंय.”

“मोबाईल ठेवून जातो की.”

“नको. माणूस दिसला न्हाई तर भिईल ती. तुमी समोर बसा... ओठ हलवा.”

त्यानं गाडी बंद केली. मग चपला काढून आत आला.

मोबाईल फडताळावर ठेवून तो योगिताच्या आईसमोर, छबुबाईसमोर बसला. पहिल्याच शब्दाला ती दचकली. फडताळाकडं तिनं पाहिलंही नाही. नजर त्याच्या ओठांवर खिळली. आरोळी संपली, तशी ती हळूच म्हणाली, “किती दिसांनी बोलले तुमी.”

आणि ती रडली... तीन महिन्यांत पहिल्यांदा.

अंगदनं बाहेर येऊन रिक्षात बसत किल्ली लावली. “मला न्हाई जमायचं पुन्हा,” तो म्हणाला.

“पुन्हा न्हाई सांगणार. उद्या या. गाडी नका आणू.”

“मग येऊन करू काय?”

योगितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुमचं ओरडणं ऐकलंय. हळू बोलल्यावर तुमचा आवाज कसा लागतो... ते अजून म्हाईत न्हाई मला.”

त्यानं किल्ली फिरवलीच नाही.

“उद्या कशाला?” तो म्हणाला. इतकं हळू, की ऐकायला तिला एक पाऊल जवळ यावं लागलं.