नंदळीचे पेरुवोळ

नंदळी नदी ती केवढीशी! घाटमाथ्यावर सकाळी पाण्यात पडलेलं पान संध्याकाळी समुद्राला लागावं, एवढीच तिची धाव. पण तिच्या उगमाकडच्या रानात जायचं म्हटलं की भल्याभल्यांची गाळण उडते. वारिजाची तर घरून निघायच्या आधीच उडाली होती!

जायचं होतं जिवंत मासे आणायला. गावच्या राखणदार दैवाच्या डोहात पिढ्यान्‌पिढ्या पेरुवोळ राहत, सोनेरी खवल्यांचे, हातभर लांब. वारिजाचे वडील त्यांना रोज भात घालायचे. गेल्या उन्हाळ्यात कुणा हरामखोराने डोहात विष कालवलं आणि सगळे मासे पोटं वर करून तरंगले. मासे होते तोवर तिथे कुणी जाळं टाकत नव्हतं, वाळूला हात लावत नव्हतं. आता वाळूवाला लोकय्या उघड म्हणू लागला, "मासेच नाहीत, तर दैवाची आण कसली?" पंचांनी ठरवलं, दिवाळीच्या अमावास्येपर्यंत थांबायचं; तोवर डोहात मासे दिसले नाहीत तर वाळू लोकय्याची. डोहाखालचा वाळूचा बांध उपसला की भरतीचं खारं पाणी सरळ वर घुसणार, आणि पहिली नासणार ती वारिजाची विहीर. लेकरांना पाणी कुठून पाजायचं?

म्हणून ती निघाली. सोबत धाकटा भाऊ शेसप्पा. हा माडी काढणारा गडी माडावर वानरासारखा चढायचा, पाण्यात मात्र दगडासारखा बुडायचा. वाट दाखवायला रानातला म्हातारा ऐतण्णा. शेसप्पाच्या खांद्यावर कावड, कावडीला दोन तांब्याचे हंडे आणि वारिजाच्या कमरेला भाताची पुरचुंडी. भात घेतल्याशिवाय पेरुवोळाकडे जायचं, असं त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गावची शेतं संपली आणि रानाने त्यांना गिळलं. वर ऊन होतं म्हणे, खाली काही दिसत नव्हतं. जळवा पायांवर चढत होत्या, वेताचे काटे पदर धरत होते. कुठे पान हललं तरी वारिजा दचकून शेसप्पाची कावड धरायची.

"अक्का, जरा हळू घाबर," शेसप्पा म्हणाला. "तुझे दात वाजतायत, वाघाला वाटेल कुणी ताशा घेऊन आलंय."

"तू गप रे! तुझे पाय बघ कसे लटपटतायत."

"ते कावडीच्या वजनाने!"

"हंडे रिकामे आहेत, मेल्या!"

ऐतण्णाने हात वर केला. दोघं जागच्या जागी थिजली. पुढच्या ओंडक्यावर काळा, मनगटाएवढा जाड नागराज फणा काढून उभा होता. माणसाच्या छातीपर्यंत उंच! वारिजाला श्वास घ्यायचीही भीती वाटली. ओरडावं तरी मरण, पळावं तरी मरण! किती वेळ गेला कोण जाणे. मग फणा खाली गेला, आणि ते लांबलचक अंग सरसरत पाल्यात शिरलं. ऐतण्णाने कपाळाचा घाम पुसला.

"आजोबा, तुम्हीपण घाबरलात?" वारिजाने विचारलं.

"न घाबरणारे माझे दोन भाऊ होते," म्हातारा म्हणाला. "त्यांना जाळून आलो."

उगमाजवळचा वरचा डोह काळाभोर होता. चहूबाजूंनी कडे, वर उंबराच्या फांद्या ओथंबलेल्या. वारिजाने वडिलांसारख्या टाळ्या वाजवल्या आणि भात टाकला. शितं पांढरी तरंगली, फिरली, हळूहळू बुडाली. काही हललं नाही. तिने पुन्हा टाकला, पुरचुंडी झटकून टाकली. काही नाही!

"इथलेही मेले," ती मटकन खाली बसली. "संपलं रे सगळं."

तेवढ्यात वरून एक पिकलेलं उंबर पाण्यात पडलं. टप्प! आणि काळ्या पाण्यातून सोन्याचा पत्रा लखलखून उलटला. गळप! उंबर गायब! शेसप्पाने झाड हलवलं, आणि सगळा डोह उकळू लागला. मग काय! लुगड्याची झोळी करून त्यांनी वीतभर पिल्लं धरली आणि दोन्ही हंड्यांत सोडली. वारिजा हसत होती आणि रडत होती.

उतरताना नदी ओलांडायची होती. पाणी गुडघाभर, आभाळ निळं. ऐतण्णा पार झाला. पाठोपाठ एक हंडा डोक्यावर घेऊन वारिजा गेली. कावड सोडून दुसरा हंडा उराशी धरलेला शेसप्पा मध्यावर आला, आणि ऐतण्णा एकदम किंचाळला, "पळ! पाणी तांबडं झालंय!"

माथ्यावर कुठेतरी ढग फुटला होता. आधी पाचोळा आला, मग गुरगुर, मग मातीची भिंतच! शेसप्पा कोलमडला. त्याचा हंडा गेला. त्याने एका खडकाला मिठी मारली. पाणी छातीला लागलं. गळ्याला लागलं.

"अक्का! अक्का गं!"

वारिजाने हातातल्या हंड्याकडे पाहिलं. आत पिल्लं फिरत होती. तिची विहीर, तिचा डोह, सगळं त्या हंड्यात होतं. तिने हंडा पुरात उपडा केला. "जा बायांनो, तुमचं तुम्ही बघा!"

रिकामा हंडा पालथा पोटाशी धरून तिने वरच्या बाजूने उडी टाकली. पाण्याने तिला भिरकावलं. खडकावर आपटली. "धर! हंड्याला धर!" शेसप्पाने डोळे मिटून मिठी सोडली. दोघं हंड्याला लोंबकळत खाली गेली, आपटली, बुडाली, पुन्हा वर आली. शेवटी वळणावर ऐतण्णाने पुढे केलेला वेत तिच्या हाताला लागला.

काठावर ती भावाला बडवत सुटली. "मेला असतास ना रे! मेला असतास!"

"मासे?" त्याने ओकत ओकत विचारलं.

"गेले."

अमावास्येच्या सकाळी अख्खं गाव डोहावर जमलं. पुजाऱ्याने टाळ्या वाजवून भात टाकला. शितं तरंगली आणि बुडाली. लोकय्या मिशीत हसला. "झालं समाधान? उद्यापासून होड्या आणतो."

वारिजा बुडणाऱ्या शितांकडे बघत होती. हेच तिने वरच्या डोहावर पाहिलं होतं! रानच्या माशांना भात काय ठाऊक? पण एवढ्या पुरातून एक तरी इथवर आला असेल का? ती धावत परसात गेली, विहिरीवरच्या उंबराखालून ओटीभर फळं घेऊन आली.  तिने एक उंबर टाकलं.

टप्प.

काही नाही. लोकय्या वळला. तिने डोळे मिटले आणि सगळी ओटी रिकामी केली.

गळप! कुणीतरी ओरडलं. पुन्हा गळप! बांधापासून वरच्या खडकापर्यंत पाणी सोनेरी उसळत होतं, तिने सोडली होती त्याहून कितीतरी जास्त पिल्लं! तो दांडगा पूर वरच्या डोहातली सगळी पिलावळच खाली घेऊन आला होता. पंचांनी लोकय्याकडे नुसतं पाहिलं. तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

"अक्का," शेसप्पा हळूच म्हणाला, "आता यांना भात खायला कोण शिकवणार?"

"कुणी नाही," वारिजा डोळे पुसत म्हणाली. "माडावरून जरा खाली उतर आणि काठाने उंबर लाव."